टेबलावरच्या दोन वह्या

"तुझ्याकडे किती?"
"४०. तुझ्याकडे?"
"४१."

इंडियानातल्या एका छोट्या गावातली हायस्कूल बास्केटबॉल मॅच. तिसरा क्वार्टर नुकताच संपलाय. मागे बँड आणि घसा फोडून ओरडणारी दोन गावं. मधल्या टेबलावर त्याच दोन गावांच्या, आपापल्या वहीत गुण लिहिणाऱ्या बायका खांद्याला खांदा लावून एकमेकींच्या वहीत वाकलेल्या.

बोर्डावर काहीही दिसो, अधिकृत असते ती यजमानांची वही. तरी ताळा पाहुण्यांच्या वहीशीच करायचा. घोळ बहुतेक फ्री थ्रोलाच होतो, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या एका पॉइंटच्या मोकळ्या फेकीला. प्रत्येक थ्रोला वहीत एक पोकळ गोल काढायचा, बॉल पडला की भरायचा. गलक्यात भरायचा राहतो, एक पॉइंट गायब. फाउलची खूण चुकली तर आणखी वाईट, कारण पाचव्या फाउलला पोरगं बाहेर.

राहिलेला गोल पाहुणीच्या वहीत सापडला. पॉइंट विरुद्ध टीमचा. तिने तो निमूट भरला.

मिलानसारख्या चिमुकल्या गावाने १९५४ साली ३२-३० ने राज्याचं अजिंक्यपद जिंकलं, ते इथे अजून काल घडल्यासारखं सांगतात. अशा ठिकाणी एक पॉइंट!

यजमान बाईंनी नुसता खोडरबर दोन वह्यांच्या मधोमध सरकवला.

आपल्याकडे कबड्डीच्या गुणलेखकांच्या टेबलावर असं दिसतं का हो?