पाय कसे हलतात ते बघ

पाच जणांच्या बँडसाठी मी अकरा माईक लावून ठेवले होते. अमेरिकेतल्या केंटकीच्या पश्चिमेकडचं छोटं गाव, ब्लूग्रास संगीताचा जनक बिल मन्रो याच्या रोझीन गावापासून गाडीने तासाभरावर. तिथल्या बागेत जून ते ऑगस्ट दर गुरुवारी संध्याकाळी ब्लूग्रासची, म्हणजे बँजो-मँडोलिनवरच्या तिथल्या गावाकडच्या संगीताची, मोफत मैफल होते. लोक घरून घडीच्या खुर्च्या आणतात, मटण बार्बेक्यूच्या गाडीपुढे रांग लावतात (हो, मटणच, त्या भागाची ती खासियत आहे) आणि अंधार पडून काजवे चमकायला लागेपर्यंत बसतात. त्या उन्हाळ्यात साउंड माझ्याकडे होता. आधीचे चार गुरुवार छान पार पडले होते. सगळे तरुण बँड. प्रत्येक वाद्याला त्याचा आवाज थेट उचलणारा पिकअप, प्रत्येकाच्या पायाशी स्वतःचा आवाज ऐकायला मॉनिटर स्पीकर, आणि मिक्सरवर प्रत्येकाची लगाम माझ्या हातात.

पाचव्या गुरुवारचा बँड वयस्कर होता. मँडोलिनवाले आजोबा पंचाहत्तरीचे. चार वाजता मंचावर चढले, माझं ते माईकचं जंगल बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "पोरी, आम्हाला एकच लागतो."

एकाच माईकभोवती वाजवायची ही रीत मी ऐकून होते. डिसेंबर १९४५ मध्ये एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो वाजवत मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज'मध्ये आला. नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात हा बँड उभा राहायचा आणि त्याच्याच नावावरून पुढे या संगीताला नाव पडलं. त्या काळी रेडिओवर काय, मंचावर काय, सगळा बँड एक-दोन माईकभोवतीच गोळा व्हायचा. पण ऐकून असणं वेगळं. मी मोठ्या पडद्याचा कंडेन्सर माईक काढला, मधोमध उभा केला, आणि यांना स्वतःचा आवाज ऐकू यायला हवाच, या काळजीपोटी दोन मॉनिटर तसेच ठेवले.

सहाला पहिलं गाणं सुरू झालं आणि तिसऱ्या ओळीला माईकने अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतल्या पोरांनी कान झाकले. असा माईक दूरचंही टिपतो. मॉनिटरचा आवाज तो परत गिळतो, परत ओकतो. आजोबांनी गाता गाता तळहात खाली केला. मी मॉनिटर बंद केले.

शिट्टी थांबली, पण गाणं जमेना. बँजो पुढे आला की मला तो फार वाटायचा, मी फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली घ्यायचे. तेवढ्यात बँजोवाला मागे सरलेला असायचा आणि गाणारा पुढे आलेला. प्रत्येक कडव्याचे पहिले दोन-तीन शब्द बुडत होते. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी खुर्चीतून मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्यांना शब्द ऐकायचे होते, एवढंच.

पावणेसातला ढग गडगडले. उघड्यावरच्या कार्यक्रमाचा नियम पक्का असतो: गडगडाट ऐकला की थांबायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं गेल्याशिवाय सुरू करायचं नाही. मी मिक्सरवर ताडपत्री टाकली, माईक काढून पेटीत ठेवला आणि सगळ्यांबरोबर बागेतल्या पत्र्याच्या शेडकडे पळाले.

पत्र्यावरचा पाऊस जरा ओसरला तसे ते पाच जण तिथेच उभे राहून वाजवायला लागले. माईक नाही, वीज नाही, भोवती शंभरेक माणसं. मी आजोबांपासून चार हातांवर होते. मँडोलिनचं ते 'चॉप' इतक्या जवळून मी कधीच ऐकलं नव्हतं. तारांवर आघात करून त्याच क्षणी डाव्या हाताची पकड सैल करायची. सूर निघता निघताच दाबला जातो आणि उरतो फक्त 'चक्'. ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो. बेसवाल्या बाई पहिली आणि तिसरी मात्रा धरतात, हा 'चक्' दुसरी आणि चौथी. अख्खं गाणं या दोन खांबांवर उभं असतं.

मग माझं लक्ष पायांकडे गेलं. माईक नसतानाही ते माईक असल्यासारखेच हलत होते. फिडलची (व्हायोलिनची) पाळी येण्याआधी अर्धी ओळ बँजोवाला डाव्या खांद्यावरून मागे सरायचा, त्या फटीतून फिडल आत यायची, आणि गिटारवाला एक पाऊल बाजूला होऊन फिडलच्या गजाला तिरपी वाट करून द्यायचा. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, हे मी पुस्तकात शिकले. ही माणसं ते पावलांनी मोजत होती. मी मिक्सरवर जे करू बघत होते, ते त्यांनी आधीच केलेलं होतं आणि मी वरून परत करत होते. म्हणून शब्द बुडत होते.

मला एकदम बाबांचं भजनी मंडळ आठवलं. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, एकादशीची रात्र, देवळात मधोमध एकच माईक आणि बाहेर झाडाला कर्णा. पखवाजवाले काका आपणहून हातभर मागे बसायचे. अभंग उचलणारा पुढे झुकायचा, टाळकरी तेवढ्यापुरते टाळ आखडते घ्यायचे. साउंडवाला मशीन सुरू करून प्रसादाच्या रांगेत उभा असायचा. मी लहानपणापासून बघितलेली गोष्ट, आणि इतक्या लांब येऊन मी ती विसरले होते. (आईला फोनवर बँजो म्हटलं की तिला अजून गणपतीच्या मिरवणुकीतला बटणांचा बेंजो वाटतो. दोन्ही वाद्यं अगदी वेगळी, पण मी तिला दुरुस्त करत नाही.)

आठला परत सुरू झालं. आधी आजोबांना विचारून सगळ्यांच्या बुटांच्या जागी चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या. माईक छातीच्या उंचीवर घेतला, म्हणजे तोंड आणि वाद्य दोन्ही त्याच्या टप्प्यात. स्पीकर आणखी दोन पावलं पुढे ढकलले, ऐंशी हर्ट्झच्या खालचं सगळं, म्हणजे खोल घुमणारा आवाज, कापलं, पहिल्या गाण्यात फेडर एका जागी बसवला आणि दोन्ही हात खिशात घातले.

हात खिशात ठेवणं अवघड गेलं. बँजो पुढे आला तेव्हा बोटं शिवशिवली. पण तो आला तसा गेला, आणि गाणाऱ्याचा पहिला शब्द स्वच्छ, पूर्ण, मागच्या झाडांपर्यंत पोचला. शेवटच्या भक्तिगीताला चौघांनी वाद्यं खाली केली आणि माईकभोवती डोकी जवळ आणून नुसत्या गळ्यांनी गायलं. वरचा उंच स्वर आजोबांचा होता, जरा चिरलेला, आणि मला अंगावर काटा आला. पहिल्या रांगेतल्या आजींचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते.

रात्री केबल गुंडाळल्या, पण मंचावरच्या फुल्या तशाच राहू दिल्या. पुढच्या आठवड्याच्या बँडला मी सोमवारीच फोन केला. वाद्यं किती, चॅनल किती, हे नंतर. आधी विचारलं, तुम्ही उभे कसे राहता?