शिंकेपासून सुरुवात

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत बालवर्गाला शिकवते, हे कळलं की प्रश्न ठरलेला. लग्नात, एस.टी.त, बँकेच्या रांगेत. "एवढ्याशा पोरांकडून अरबी दुआ पाठ करून घेता, त्यांना काय कळतं त्यातलं?" विचारणारे कधी हिंदू शेजारी, कधी आमच्याच जमातीतले. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

शब्द कळत नाहीत, हे कबूल. पण शिंकेचं बघा. शिंकणाऱ्यानं 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणायचं, ऐकणाऱ्यानं 'यरहमुकल्लाह', म्हणजे अल्लाह तुझ्यावर दया करो. मग शिंकणाऱ्यानं उलट त्याच्यासाठी दुआ मागायची. याला दोघं लागतात. मघाशी खडूवरून मारामारी केलेली दोन पोरं एका शिंकेनं बोलायला लागतात, हे मी रोज बघते. जूनमध्ये मात्र अर्धा वर्ग शेंबडा. तिथेही हदीसमध्ये, म्हणजे पैगंबर साहेबांच्या वचनांमध्ये, सोय आहे: तीन शिंकांच्या पुढे ती सर्दी समजावी. हा नियम मुलांचा फार लाडका. बोटं मोजत थांबतात आणि चौथीला सगळी एका सुरात ओरडतात, "सर्दी!" आमच्या मदतनीस मावशी सवयीनं 'शतंजीव' म्हणतात. काही मुलांना तोही दुआचाच भाग वाटतो. मी अजून दुरुस्त केलेलं नाही.

डबा खाताना मी एकच गोष्ट सांगते. पैगंबर साहेबांच्या घरात उमर बिन अबी सलमा नावाचा मुलगा वाढत होता. जेवताना त्याचा हात थाळीत सगळीकडे फिरायचा. पैगंबर साहेब त्याला एवढंच म्हणाले: अल्लाहचं नाव घे, उजव्या हातानं खा, आपल्या पुढ्यातलं खा. "हात सगळीकडे फिरायचा" म्हटलं की पोरं खुदकन हसतात, कारण तो मुलगा त्यांच्यातलाच.

उजव्या हाताच्या बाबतीत माझी एक चूक झालीय. एक डावखुरी मुलगी होती. मी तिच्या घासाबरोबर पेन्सिलही उजव्या हातात दिली. महिनाभरात तिनं चित्रं काढणंच सोडलं. तिची आई आली, भांडली नाही, नुसती कोरी वही दाखवली. तेव्हापासून जेवण उजव्या हातानं आणि पेन्सिल ज्याच्या त्याच्या हातानं.

वुजूला, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुवायला, मी लोट्यात पाऊण लिटर पाणी मोजून देते. पैगंबर साहेब एक मुद (जुनं अरबी माप) पाण्यात वुजू करत, ते साधारण तेवढंच. एप्रिलमध्ये विहिरीनं तळ दाखवला की हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. नमाजची सक्ती मी करत नाही. मुलांना नमाजला सांगायचं ते सातव्या वर्षी, आणि माझी पोरं पाचाच्या आतली. सजद्यात, कपाळ जमिनीला टेकवलेलं असताना, एकमेकांकडे बघून हसतात, हसू देत.

अवघड असतात ती घरं. पाणी बसून प्यावं असं मी शिकवते, आणि "टीचर, अब्बा उभ्यानं पाणी पितात," अशी चुगली दर आठवड्याला येते. अब्बांना मी काय सांगणार?

शाळा सुटताना चपला. उजवी आधी. उजवी कुठली, यावर रोज पंचायत. "जेवायचा हात बघा," मी म्हणते. सगळी आपापले तळहात निरखत उभी राहतात. ती डावखुरी मुलगी असताना शेजारणीला हळूच बजावायची, "लिहायचा नाय, जेवायचा." बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवतच असतो.