पर्समध्ये काय असतं?

"रात्री-अपरात्री एकट्या येता, पर्समध्ये काय ठेवता हो?"

वीस वर्षं रात्रपाळी केली, त्यामुळे हा प्रश्न मला शेजारणींनी विचारलाय, भाच्यांनी विचारलाय, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलाय. विचारणारीला तिखटाचा फवारा, शिट्टी, निदान एखादी दणकट सेफ्टी पिन तरी ऐकायची असते. माझ्या पर्समध्ये चष्मा, किल्ल्या, डोकेदुखीच्या गोळ्या आणि न फेकलेल्या पावत्या असतात. हे सांगितलं की समोरचीचा चेहरा पडतो.

तुम्हीही विचारलंत म्हणून या खेपेला जरा सविस्तर सांगते. पर्समध्ये मी काही वाढवलं नाही. एक गोष्ट मात्र कमी केली, ती म्हणजे भीड.

'भीड भिकेची बहीण' ही म्हण शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून पाठ केली होती. अर्थ कळला तो बसमध्ये. बस खच्चून भरलेली, मी उतरायच्या दाराशी. पुढच्या माणसाच्या हातून सुटे पैसे सांडले. एक नाणं घरंगळत थेट माझ्या चपलेपाशी आलं. "सॉरी ताई, सॉरी" म्हणत तो वाकला, म्हणून मीही वाकले. तेवढ्यात मागून कुणीतरी रेटलं, "सरका ना पुढे" म्हणालं. मी दोन नाणी उचलून त्याच्या तळहातावर ठेवली, तो छान हसला, थँक्यू म्हणाला. खाली उतरून पाहते तो पर्सची चेन अर्धी उघडी आणि पाकीट गुल.

हे एकट्यादुकट्याचं काम नसतं, हे नंतर समजलं. एक जण वाट अडवतो किंवा लक्ष गुंतवतो, दुसरा हात मारतो आणि पाकीट लगेच तिसऱ्याकडे सरकवतो. त्यामुळे तुम्ही ज्याचा हात धराल, त्याच्याकडे काहीच सापडत नाही. पण मला अजून टोचतं ते वेगळंच. वाकलेली असताना पर्सला मागून हात लागलेला मला कळला होता. चांगला कळला होता! पण वळून बघितलं तर त्या बिचाऱ्याला वाटेल, बाई मला चोर समजतायत. म्हणून मी वळले नाही. चोराला वाईट वाटू नये म्हणून मी पाकीट दिलं, असाच त्याचा अर्थ.

त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली. अंगाला काही खटकलं की आधी वळून बघायचं आणि माफी मागायची वेळ आलीच तर नंतर मागायची. सवय म्हणते खरी, पण ती लागायला वर्ष गेलं. "नाही, मला नको", "जरा लांब उभे राहा", "मी येणार नाही" ही वाक्यं मी आरशासमोर मोठ्याने म्हणून बघितली. नवऱ्याला वाटलं मी नाटकात काम करणार आहे. हसू नका, म्हणून बघा. पहिल्यांदा 'नाही'च्या पुढे आपोआप 'म्हणजे त्याचं काय आहे ना' जोडलं जातं. कारण दिलं की समोरच्याला ते खोडता येतं, आणि मग वाद घालत आपण तिथेच उभ्या राहतो.

याची पहिली परीक्षा लिफ्टमध्ये झाली. रात्री उशिरा आले, आत एक अनोळखी गृहस्थ दार धरून उभे. "या ना, आहे जागा." कपडे नीटनेटके, बोलणं सभ्य. तरी माझं पाऊल उचलेना. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. "तुम्ही व्हा पुढे, मी नंतर येते," एवढंच म्हणाले. ते जरा वरमले आणि गेले. दुसऱ्या दिवशी कळलं, ते वरच्या मजल्यावरच्यांचे थोरले भाऊ, मुक्कामाला आलेले. मला कानकोंडं झालं, नाही म्हणत नाही. पण हिशेब केला तर त्यांचा एक क्षण खट्टू झाला आणि माझी तीन मिनिटं गेली. एवढ्या किमतीत मी हा व्यवहार पुन्हा करीन.

फोनवरची गोष्ट अशीच. माझी एक मैत्रीण शंभर पोरांचा वर्ग नजरेने गप्प करायची, अशी प्राध्यापिका. तिला एका 'अधिकाऱ्या'चा फोन आला. खात्यात गैरव्यवहार आढळलाय, लगेच पडताळणी करा, कुणाला सांगू नका, फोन ठेवू नका. ती चाळीस मिनिटं फोनवर होती. दहाव्या मिनिटालाच शंका आली होती, असं ती स्वतःच सांगते. मग ठेवला का नाहीस? तर म्हणाली, "अगं, माणूस बोलत असताना मध्येच कसा ठेवायचा?" तिच्या नियोजित सहलीचे पैसे त्या चाळीस मिनिटांत गेले.

या फोनांच्या गोष्टी दर महिन्याला बदलतात, सांगाडा तोच राहतो. घाई, धाक, गुप्तता आणि फोन चालू ठेवण्याचा आग्रह. घाई असली की विचार होत नाही आणि गुप्तता असली की दुसऱ्याला विचारता येत नाही. मी सरळ फोन ठेवते आणि बँकेच्या कार्डामागे छापलेल्या नंबरवर स्वतः करते. आलेल्या नंबरवर उलटा फोन करत नाही. खऱ्या अधिकाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. "तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" असं जो विचारतो, त्याच्यावर तर अजिबातच नाही.

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक साधी मांडणी केली. गुन्हा घडायला तीन गोष्टी एकाच वेळी एकाच जागी याव्या लागतात: करायला तयार असलेला माणूस, सोयीचं सावज आणि राखणदाराची गैरहजेरी. हा राखणदार पोलीसच असला पाहिजे असं नाही. खिडकीत उभी राहून रस्त्याकडे बघणारी बाईसुद्धा राखणदारच. यातली पहिली गोष्ट माझ्या हातात नाही. दुसरीवर उपदेश भरपूर मिळतात: ताठ चाला, झपझप चाला. १९८१ साली बेटी ग्रेसन आणि मॉरिस स्टाइन यांनी रस्त्यावरून चालणाऱ्या लोकांची चित्रफीत तुरुंगातल्या कैद्यांना दाखवली होती. सोपं सावज कोण, हे कैदी बरंचसं चालीवरूनच ठरवत होते, असं त्यातून दिसलं. खरं असेल, पण माझा गुडघा कुरकुरतो. ताठ चाल रोज कुठून आणू? मला तिसरी गोष्ट जास्त कामाची वाटते, कारण राखणदार मागून मिळतो. फक्त मागायची भीड नको.

त्याचं एक तंत्र आहे. बिब लताने आणि जॉन डार्ली यांचे १९६८ सालचे प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहेत. एका प्रयोगात खोलीत धूर सोडला. माणूस एकटा असला तर बहुतेक वेळा उठून सांगायला जायचा. सोबतीला ढिम्म बसून राहणारे दोघे असले की बहुतेक जण धुरात बसून राहिले. म्हणजे गर्दीतल्या लोकांना काळीज नसतं असं नाही, प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत असतो. म्हणून नुसतं "वाचवा" ओरडून थांबू नये. एकाकडे बोट दाखवावं: "अहो निळा शर्ट, हा माणूस माझ्या मागे लागलाय, इकडे या." आणि "मी याला ओळखत नाही" हे मोठ्याने सांगावं, नाहीतर बघणारे घरगुती भांडण समजून मान फिरवतात.

आता जे कुणी विचारत नाही ते. आपली सगळी तयारी अनोळखी माणसासाठी असते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे ८५,००० स्त्रिया आणि मुलींच्या हत्या झाल्या, आणि त्यातल्या सुमारे ५१,१०० जणींना जोडीदाराने किंवा घरातल्याच माणसाने मारलं. दिवसाला १४०. तिखटाचा फवारा तिथे काय करणार? अनोळखी माणसाची भीड मला वर्षभरात मोडता आली. आपल्या माणसाची भीड मोडणं फार कठीण, आणि ते एकटीने जमेल असं मी कुणाला सांगणार नाही. घरातल्या माणसाची भीती वाटत असेल तर बाहेरच्या निदान एका व्यक्तीला ते स्पष्ट शब्दांत माहीत असू द्या. कागदपत्रांच्या प्रती तिच्याकडे ठेवा आणि एखादा ठरलेला शब्द असू द्या, जो ऐकला की तिने मदत बोलवायची.

आणि हो, समोर शस्त्र असेल तर मागेल ती वस्तू देऊन टाका. मी तरी देईन. अशा वेळी घशातून आवाज फुटत नाही, हातपाय थिजतात. शरीर असं वागतं, त्यात तुमचा भित्रेपणा नाही. "मग ओरडली का नाहीस?" असं नंतर विचारणाऱ्याला फोनवाल्यासारखंच वागवा. बोलत असताना मध्येच ठेवून द्या.

लिफ्टवाले ते थोरले भाऊ अजून अधूनमधून मुक्कामाला येतात. मला बघितलं की दार सोडून दोन पावलं मागे होतात आणि विचारतात, "आधी तुम्ही, की मी?"