इसवणीचं भांडण, टेक तीन

सकाळी मालवण बंदरावर मासे घ्यायला गेलो तर कुठल्यातरी रिॲलिटी शोचं शूटिंग, दोन स्पर्धक इसवणीवरून, म्हणजे सुरमईवरून, कडाकडा भांडतायत, बघत राहिलो तर मागून आवाज, 'कट, परत, जरा चिडून!' आणि तीच इसवण तिसऱ्यांदा पाटीत 😂 मावशी वैतागल्या, 'मेल्यांनू, इसवण नरम पडली, तुमचा झगडा काय संपणा नाय!' संध्याकाळी त्या दोघांतलाच एक पोरगा सकाळचाच चिखलाचा शर्ट घालून कॅमेऱ्याला सांगतोय, 'मला त्या क्षणी खूप राग आला'. टपरीवर युनिटवाला म्हणाला डायलॉग नाय देत ओ, सिच्युएशन देतो, बाकी एडिटिंगला. सकाळचं अर्धं वाक्य नि दुपारचं अर्धं जोडलं की तिसरंच होतं, फ्रँकनबाइट म्हणतात त्याला. घरी आईला सांगितलं तर म्हणते, 'गप रे, टीव्हीवर शो सुरू झाला बघ.'