एक्स-मेन तक्ता: २२ आणि २३ अखेर सापडले!

मंडळी, सापडले! मार्व्हलच्या ‘एक्स-मेन’ कॉमिकच्या कोणत्या जुन्या अंकाची कथा पुढे कोणत्या अंकात पुन्हा छापली, याचा तक्ता मी करतोय. तीन आठवडे तक्त्यात लाल पेनाने गोल करून ठेवलेले दोन रकाने काल रात्री भरले.

मागच्या वेळी म्हटलं होतं की अंक ६६ घेऊन झाला की थेट ९४ वर जाणार. सप्टेंबर १९६३ ते मार्च १९७० नवीन कथा, मग खप नाही म्हणून खंड, आणि डिसेंबर १९७० पासून ६७ ते ९३ नुसती पुनर्मुद्रणं. हे २७ अंक बहुतेक जण सोडूनच देतात. मला सहा अंकांचा गठ्ठा स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, आणि तिथेच अडकलो.

६७ मध्ये १२ आणि १३ च्या कथा, ६८ मध्ये १४-१५. इथवर सरळ. ६९ उघडला तर १६ च्या पाठोपाठ १९. १७-१८ गेले ७० मध्ये. ७१ मध्ये एकटा २०. आणि ७२ मध्ये २१ संपतो न संपतो तोच २४! मधले दोन कुठे गेले?

पहिला संशय माझ्या प्रतीवरच. मधली पानं निघाली असणार, असं वाटलं. दिव्याखाली धरून पिना पाहिल्या: भोकं एकेकच, पिन पुन्हा मारल्याची खूण नाही, मधलं जोडपान घट्ट. पानं दोनदा मोजली. अंक पूर्ण होता. विक्रेत्याला विचारलं तर त्याचं उत्तर, ‘असाच असतो.’ जुना माल विकणाऱ्याने आत काय आहे एवढं तरी पाहावं, असं माझं ठाम मत आहे.

मग क्रमांक बाजूला ठेवून कथानकं लिहून काढली आणि गाठ सुटायला लागली. सेंटिनल्सची कथा तीन भागांची, १४ ते १६. दोन भाग ६८ मध्ये बसले, तिसरा ६९ मध्ये आला आणि एका कथेची जागा उरली. १७-१८ ही मॅग्नेटोची जोडकथा. ती तोडायची नाही, म्हणून मिमिकची सुटी कथा, १९, तिथे घेतली. ७२ मध्येही तेच. ल्युसिफरच्या कथेचा उत्तरार्ध, म्हणजे २१, आल्यावर एकच जागा उरली. २२-२३ ही काउंट नेफारियाची जोडकथा, म्हणून लोकस्टची सुटी कथा, २४, पुढे ओढली. म्हणजे ती जोडी विसरली नव्हती, तिला दोन कथांची जागा हवी होती. आणि ७३ पासून तर प्रत्येक अंकात एकच कथा.

दोन कथांची जागा आणखी कुठे? वार्षिकात! १९७१ चा दुसरा किंग-साइझ विशेषांक ज्याच्याकडे आहे त्या मित्राला रात्री साडेअकराला मेसेज केला. दहा मिनिटांत फोटो आले. २२ आणि २३, शेजारी शेजारी!

त्यानंतरचं काम म्हणजे निव्वळ सुख. ७३ मध्ये २५, ७४ मध्ये २६, असं थेट ९३ मध्ये ४५. अठ्ठेचाळीस वजा करायचे आणि लिहायचं. एकवीस रकाने एका बैठकीत भरले.

हे लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट लक्षात आली. ४५ ची कथा त्या अंकात संपतच नाही, तिचा शेवट ‘अ‍ॅव्हेंजर्स’ ५३ मध्ये आहे. म्हणजे १९७५ मध्ये पुनर्मुद्रणं थांबली ती कथा अर्धवट टाकून. त्याच वर्षी लेखक लेन वाइन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांचा जायंट-साइझ अंक आला आणि ९४ पासून स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस, वुल्व्हरिन यांचा नवा संघ सुरू झाला. तेव्हा ९४ ची खरेदी पुढे ढकलतोय. आधी अ‍ॅव्हेंजर्स ५३, वाचण्यापुरती प्रत चालेल, आणि तक्त्यात ‘शेवट कुठे’ असा नवा रकाना.

या निमित्ताने या अंकांचा चित्रकार वर्नर रॉथ याची पानं सलग पाहिली. ‘जे गॅविन’ या नावाने त्याने सुरुवात केली. आधीचा चित्रकार जॅक कर्बी आणि नंतरचा नील अ‍ॅडम्स यांच्या मध्ये तो झाकला गेला, पण त्याची जीन ग्रे पाहा, चेहऱ्यावरचा भाव एका रेषेत पकडलाय.

पावसाळ्यासाठी: साध्या पिशव्या आता बंद. ७१ च्या खालच्या पिनेभोवती तांबूस कडं दिसलं. मायलर, म्हणजे टिकाऊ पॉलिएस्टरच्या पिशव्या, महाग पडतं, तरी हा गठ्ठा त्यातच जाणार, आणि खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या दर पंधरा दिवसांनी बदलणार. अ‍ॅव्हेंजर्स ५३ ची जादा प्रत कुणाकडे असेल तर कळवा, बदल्यात माझ्याकडे अंक ७० च्या दोन प्रती आहेत.