बेडकुळी

रविवारी दुपारी गच्चीच्या दाराची कडी बदलायला बसलो. तीन स्क्रू निघाले, चौथा हलेना. शेजारी भाचा उभा. "मामा, मी काढू?" म्हणत त्याने बाही वर सरकवली आणि हात कोपरात दुमडून दंड माझ्या नाकासमोर धरला. सातवीतल्या पोराची बेडकुळी ती, लिंबाएवढीसुद्धा नाही. पण दाखवण्याचा रुबाब आमच्या वेळचाच.

आमच्या वर्गात बेडकुळ्या दोन प्रकारच्या असत. एक स्वतः फुगवायची. दुसरी, मधल्या बोटाचं पेर पुढे काढून शेजाऱ्याच्या दंडावर बुक्की हाणून काढायची. ही जास्त टपोरी यायची. कुणी बेडकी म्हणे, कुणी बेटकुळी, पण कातडीखाली दबा धरून बसलेला बेडूक सगळ्यांनाच दिसे. रोमन लोकांना तिथे उंदीर दिसला. 'मसल' हा शब्द लॅटिनमधल्या 'छोट्या उंदरा'वरून आलाय. मला आपला बेडूकच पटतो. उंदीर कधी एका जागी फुगून बसतो का?

घरातली सगळ्यात घट्ट बेडकुळी आजीची होती, आणि तिला 'दाखव' असं कुणी कधी म्हटलं नाही. परसातल्या विहिरीवर पाणी काढताना ती आपोआप दिसायची. कप्पीवरून आलेला दोर एका हाताने खाली ओढायचा, तोवर दुसऱ्याने वरचा दोर धरायचा, मग पहिला सोडायचा. दोर काही आखूड होत नसे, नुसता सरकत राही. पोहरा वर येई.

बारावीत सरांनी फळ्यावर स्नायूच्या आतली आकृती काढली तेव्हा मी चमकलो. आत हजारो आज्या पाणी काढत होत्या! मायोसिन नावाच्या प्रथिनाच्या जाड तंतूला बारीक मुंडकी असतात. ती शेजारच्या ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या तंतूला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात. तंतू आहेत तेवढेच राहतात, एकमेकांवरून सरकतात, आणि स्नायू मात्र आखडतो. १९५४ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी हे मांडलं. दोन्हीकडे हक्सली आडनावाचा एकेक जण, आणि दोघांचं एकमेकांशी नातं काही नाही. परीक्षेत मी एवढंच धड लिहिलं होतं.

त्या आकृतीतली एक गोष्ट मात्र तेव्हा नुसती पाठ केली. धरलेला तंतू सोडायला मुंडक्याला एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन, लागतं. ते संपलं की पकड तशीच राहते. आजी रात्री झोपेत गेली. सकाळी आई उठवायला गेली तेव्हा गोधडीचा कोपरा तिच्या मुठीत होता. बोटं सुटेनात. मोठ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, राहू दे.

असो. तर तो स्क्रू.

दंडातली बेडकुळी नुसता हात दुमडत नाही, तळवा वर वळवायचं कामही तिचंच. उजव्या हाताने स्क्रू पिळून घट्ट करताना ती जोर लावते. उलटा फिरवायला लागलं की तिचा काही उपयोग नाही, तिथे हाताच्या पुढच्या भागातले लहान स्नायू राबतात. म्हणजे कडी बसवणाऱ्या सुताराने अख्खी बेडकुळी लावून आवळलेला स्क्रू मी तिच्याशिवाय काढत होतो! स्नायूला ओढता येतं, ढकलता येत नाही, त्यामुळे तिला उलटं चालवण्याचीही सोय नाही. पण डाव्या हाताचा हिशेब बरोबर उलटा. तिकडे सैल करतानाच बेडकुळी कामाला येते.

भाच्याला हे सगळं ऐकवलं. त्याने जांभई दिली. मी स्क्रू ड्रायव्हर डाव्या हातात घेतला, दात आवळले, दंडात खरोखर काहीतरी टरारून वर आलं, आणि स्क्रूची खाच गुळगुळीत झाली.

गच्चीचं दार सध्या सुतळीने बांधलंय.