‘व्हॉल्व काढून टाकतो साहेब’: घाटात तापलेली गाडी आणि रस्त्यावरची दुरुस्ती

शनिवारी सकाळी ठाण्याहून किंवा वाशीहून निघालेली गाडी बोरघाटात पोचते तेव्हा आत पाच माणसं असतात, डिकी बॅगांनी भरलेली असते, एसी चालू असतो आणि समोर ट्रकची रांग. पहिला-दुसरा गिअर, पुन्हा पहिला. इंजिनाला काम भरपूर आणि रेडिएटरवर वारा जवळजवळ नाही. घोडबंदर रोडवर किंवा पामबीचला वर्षभर लपून राहिलेलं दुखणं इथे वर येतं.

गाडी तापली म्हणून सहल सहसा बुडत नाही. तासाभर थांबून, पाणी घालून बरेचदा पुढे जाता येतं. सहल बुडते ती त्या तासाभरात कुणीतरी केलेल्या दुरुस्तीमुळे, आणि तिचं बिल इंजिन नंतर भरतं.

आधी थांबायचं कसं ते. तापमानाचा काटा नेहमीच्या खुणेच्या वर सरकू लागला की एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर फुल्ल. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटरच. घामाघूम व्हाल, पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडेल. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत काटाच नसतो: गार इंजिनाला निळा दिवा, तापलेल्याला लाल. मधलं काहीच कळत नाही, म्हणून लाल दिसला की जिथे सुरक्षित जागा मिळेल तिथे थांबायचंच. काटा खालापूरलाच वर दिसत असेल तर फूड मॉलमध्ये गाडी घाला. पुढे खोपोली एक्झिट सुटली की चढ आणि वळणं सुरू होतात आणि धड जागा मिळत नाही.

वाफ येत असेल किंवा खाली धार लागली असेल तर इंजिन ताबडतोब बंद. तसं काही नसेल आणि पंखा फिरत असेल तर एक-दोन मिनिटं न्यूट्रलमध्ये चालू ठेवा, म्हणजे पंप कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) फिरवत राहतो. मग बंद करा. बऱ्याच गाड्यांत किल्ली ‘ऑन’वर ठेवली तर इंजिनाशिवायही पंखा चालतो. माणसांना गाडीत बसवून ठेवू नका, रेलिंगच्या पलीकडे उभं करा. त्रिकोण गाडीमागे निदान पन्नास पावलांवर.

एक फसवा प्रकार असा: वर गेलेला काटा अचानक झपकन खाली येतो. हायसं वाटतं. प्रत्यक्षात कूलंट संपलेलं असतं आणि सेन्सर हवेत लोंबकळत असतो. हवेचं तापमान त्याला नीट कळत नाही. अशा वेळी एक किलोमीटरही पुढे जायचं नाही.

कूलंट सिस्टिमचं बूच (झाकण) उघडायची घाई करू नका, ४० ते ४५ मिनिटं जाऊ द्या. वरचा जाड पाइप हाताला सोसेल इतका गार आणि दाबल्यावर मऊ लागला पाहिजे. मग जाड फडकं घालून पाव वळण, हवा निघेपर्यंत थांबा, मग पुढे. हे बूच दिसतं साधं, पण अर्धी सिस्टिम त्याच्यावर चालते. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. १.१ बारचं बूच दाब धरून ठेवत असेल तर तेच पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, आणि निम्मं कूलंट-निम्मं पाणी १३०च्या जवळपास. बुचाचं रबर कडक झालं की दाब सुटतो आणि १०५ अंशांवर आरामात चालू शकणारं इंजिन उकळायला लागतं. बुचावर ०.९, १.१ असा आकडा छापलेला असतो. नवं घेताना तोच घ्यायचा. कमी घेतलं तर लवकर उकळेल, जास्त घेतलं तर रेडिएटरची प्लास्टिकची टाकी फुटेल.

ज्या गाड्यांत बूच थेट रेडिएटरवर असतं, त्यांत बाजूची बाटली नुसती साठवणीची. बाटलीत पाणी दिसतं म्हणून रेडिएटर भरलेला आहे असं समजू नका. बूच गळकं असेल तर बाटलीतलं पाणी परत ओढलंच जात नाही: बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा.

आता मेकॅनिक येतो. पहिलं वाक्य ठरलेलं: “साहेब, व्हॉल्व काढून टाकतो, गाडी परत कधी गरम होणार नाही.” व्हॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारी मेणाची झडप. ती बंद अवस्थेत अडकली तर गाडी तापते हे खरं आहे, त्यामुळे निदान कधी कधी बरोबरही असतं. चूक पुढे होते: झडप काढून जागा मोकळी सोडतात.

पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन तोंडं असतात. पुढची बाजू उघडते तेव्हा मागची बाजू बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं कूलंट रेडिएटरमधूनच जातं. झडप काढली की बायपास कायम उघडा. गरम कूलंटचा एक भाग रेडिएटरला न जाता पुन्हा इंजिनात फिरतो. सपाट रस्त्यावर गाडी गार, इतकी गार की पेट्रोल जास्त जातं, तेल नीट तापत नाही, आणि काही दिवसांत इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर पी०१२८, म्हणजे ‘कूलंट पुरेसं तापत नाही’ असा कोड दिसतो. आणि पुढच्या घाटात, पुन्हा पहिल्या गिअरमध्ये, तीच गाडी पुन्हा तापते. हा दोष मग रेडिएटरच्या माथी मारला जातो.

झडप अडकली आहे का ते घरच्या घरी कळतं. पातेल्यात पाणी, दोऱ्याला बांधून झडप सोडा, स्वयंपाकघरातलं थर्मामीटर धरा. तिच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास ती उघडायला लागते का बघा. नवी झडप काही शे रुपयांची. तिच्याबरोबर रबर रिंग किंवा गॅस्केटही नवीन लागते, जुनी परत बसवली की गळती ठरलेली.

दुसरा लाडका उपाय म्हणजे पंखा ‘डायरेक्ट’ करणं. पंखा फिरत नसेल तर आधी एसी लावून बघा. एसी लावल्यावर फिरला तर मोटर ठीक आहे, गडबड सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. अजिबात फिरला नाही तर फ्यूज, मग रिले (पंख्याचा वीजप्रवाह चालू-बंद करणारा स्विच). फ्यूज बॉक्समध्ये तसाच दुसरा रिले बहुधा असतो, हॉर्नचा वगैरे. दोन्हींवरचा नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून दोन मिनिटांत कळतं. हे न बघता बॅटरीपासून बारीक वायर ओढून पंखा जोडला, तर २० अँपिअरच्या आसपास ओढणाऱ्या मोटरला ती वायर पुरत नाही. आवरण वितळतं, आणि फ्यूज मध्ये घातलेला नसतोच. नाइलाजाने करायचंच असेल तर जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि मध्ये रिले, एवढं मागून घ्या.

फुटलेल्या प्लास्टिक टाकीला लावलेलं एम-सील दाब आणि उष्णता फार सोसत नाही. फार तर बूच सैल ठेवून, हळू, जवळच्या गावापर्यंत. गळती बंद करणारी पावडर तर नकोच. ती भोकाबरोबर हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. फाटलेला पाइप टोकाला फाटला असेल तर फाटका भाग कापून पुन्हा चढवता येतो. स्क्रूची क्लिप मात्र रबरात रुतेपर्यंत आवळू देऊ नका.

सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम हवा काढण्याचं. पाइप बदलला, कूलंट भरलं, बूच लावलं, “झालं साहेब”. आत हवेचा फुगा राहतो आणि दहा किलोमीटरवर काटा पुन्हा वर. पद्धत अशी: गाडीचं तोंड चढाकडे, हीटर पूर्ण गरम, बूच उघडं, इंजिन आयडलवर. हवा सोडायचा स्क्रू असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत सैल. वरचा पाइप अधूनमधून दाबायचा. पातळी उतरेल तसं भरत राहायचं. पंखा दोनदा लागून बंद झाला आणि हीटरमधून कडक गरम हवा आली की काम झालं. याला २० ते ३० मिनिटं लागतात. कुणी पाच मिनिटांत आटपत असेल तर बाजूला उभं राहून त्याला पुन्हा करायला लावा.

पाण्याबद्दल थोडं. बोअरचं पाणी अडचणीत चालेल, पण त्यातला क्षार नळ्यांना चिकटतो, तेव्हा परतल्यावर पूर्ण काढून टाका. डिकीत रेडी-मिक्स कूलंटचा एक लिटर आणि बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर पाच लिटर असलं की निभावतं. लहान गाडीची पूर्ण सिस्टिमच साधारण चार-पाच लिटरची असते. नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतू नका, पाण्याशिवाय ते उष्णता कमी वाहून नेतं. रंग जुळला म्हणजे जात जुळली असं नाही. हिरव्यात हिरवं घालूनही आत गाळ होऊ शकतो.

बाटलीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय, गार इंजिनावरही पाइप दगडासारखे: यातली दोन लक्षणं दिसली तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं असं धरून चाला. त्या गावात संध्याकाळपर्यंत “हेड उतरवून देतो” म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. हेड वाकलंय का ते स्ट्रेट-एज आणि फीलर गेजने पाहावं लागतं. वाकलं असेल तर मशीन शॉपमध्ये फेसिंग (तळ घासून सपाट करणं) आणि प्रेशर टेस्ट. बोल्ट बऱ्याच इंजिनांत एकदाच वापरायचे असतात, आणि ते ठरलेल्या क्रमाने टॉर्क रेंचनेच आवळायचे. गाडी फ्लॅटबेडवर चढवून तुर्भ्याच्या किंवा कोलशेतच्या ओळखीच्या गॅरेजला आणा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर किती किलोमीटरपर्यंत टोइंग मिळतं ते निघण्याआधी वाचून ठेवा. इंजिनातला यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत धरला जात नाही. गोवा किंवा नाशिक मार्गावर राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक १०३३.

रस्त्यावरची दुरुस्ती झाली की सामान चढवण्याआधी एक माणूस दहा किलोमीटर फिरवून आणू दे. जुना पार्ट मागून घ्या, काय काढलं ते त्यावरून कळतं.

परतीला घाट उतारावर असतो, त्यामुळे गाडी गुणी बाळासारखी घरी येते आणि सगळे विसरतात. सोमवारी सकाळी, इंजिन गार असताना, बाटलीवर मार्करने रेघ मारा. तीन सकाळी पातळी बघा. रेघेखाली गेली, तर आधी गळती शोधून बंद करून घ्या. मग पुढची सहल ठरवण्याआधी ठाणेकरांनी गायमुखचा चढ आणि नवी मुंबईकरांनी पारसिक हिलचा रस्ता एसी लावून, भरल्या गाडीने चढून बघावा.